एच. एम. : स्मरणशक्तीच्या सर्वांत प्रसिद्ध रुग्णावरून नेमका वाद काय आहे?

मानसशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, स्मरणशक्तीच्या प्रकरणात ‘एच. एम.’ ही दोन अक्षरं भेटणारच. अलीकडे हीच गोष्ट मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून फिरते. डॉक्टरांनी एका माणसाच्या मेंदूतला भाग काढून टाकला, आणि त्याची आठवण दर तीस सेकंदांनी पुसली जाऊ लागली. गोष्टीचा सांगाडा खरा आहे. पण तिच्यातल्या बऱ्याच तपशिलांना जाणकारांची हरकत आहे. २०१६ साली तर या एका रुग्णावरून अमेरिकेत पत्रकार आणि शास्त्रज्ञ उघडपणे एकमेकांसमोर उभे ठाकले. कागदपत्रं नष्ट केली, निष्कर्ष दडपला, संमती नीट घेतली नाही, असे गंभीर आरोप झाले.

माझं मत आधीच सांगते. या रुग्णामुळे जे शास्त्र उभं राहिलं, ते पक्कं आहे. पण हा माणूस स्वतःची हकिगत सांगू शकत नव्हता. ती सांगण्याचा हक्क फार थोड्या लोकांच्या हातात राहिला, आणि सांगता सांगता ती गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत झाली.

हेन्री मोलेसन कोण होते?

एच. एम. म्हणजे हेन्री मोलेसन. जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. २००८ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी ते वारले, तेव्हा कुठे त्यांचं पूर्ण नाव जगाला कळलं. लहानपणापासून त्यांना अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा त्रास होता. तरुणपणी ते हार्टफर्ड शहरातल्या अंडरवुड टाइपरायटरच्या कारखान्यात काम करत. पण औषधांचे भरपूर डोस घेऊनही फिट्स आवरेनात, आणि कामावर जाणं अशक्य झालं.

१९५३ च्या उन्हाळ्यात हार्टफर्डमधले न्यूरोसर्जन विल्यम बीचर स्कोव्हिल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. तो लोबोटॉमीचा काळ होता. मेंदूच्या पुढच्या भागातले दुवे तोडून मानसिक आजार आटोक्यात आणण्याच्या शस्त्रक्रियेला लोबोटॉमी म्हणत. स्कोव्हिल हे त्या क्षेत्रातलं मोठं नाव. मेंदूच्या आतल्या बाजूचा भाग काढण्याची एक वेगळी पद्धत त्यांनी मनोरुग्णांवर आधीच वापरली होती. हेन्रींना मानसिक आजार नव्हता. त्यांच्या फिट्स मेंदूत नेमक्या कुठून सुरू होतात, हेही तपासणीत सापडलं नव्हतं. तरीही स्कोव्हिल यांनी कपाळावर, दोन्ही डोळ्यांच्या वर, दोन भोकं पाडली. चपट्या पट्टीने मेंदूचा पुढचा भाग अलगद उचलला, आणि खालून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस व त्याच्या आजूबाजूचा भाग शोषून काढला. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला, दोन्ही बाजूंना एकेक असा मेंदूचा छोटा, वळलेला भाग. ही शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती, असं स्कोव्हिल यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे.

फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण हेन्रींना रोज भेटणारे हॉस्पिटलमधले कर्मचारी ओळखू येईनात, बाथरूमची वाट सापडेना.

मॉन्ट्रियलच्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर एप्रिल १९५५ मध्ये त्यांना तपासायला आल्या. आज तारीख काय, असं विचारल्यावर हेन्रींनी मार्च १९५३ सांगितलं, आणि वय २७. प्रत्यक्षात ते २९ वर्षांचे होते. बुद्ध्यांक मात्र ११२, म्हणजे सरासरीपेक्षा वर. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा शोधनिबंध स्मरणशक्तीच्या अभ्यासातल्या सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या निबंधांपैकी एक आहे. त्यात एकूण दहा रुग्ण होते. लोकांच्या लक्षात एकटे एच. एम. राहिले.

यातून नवं काय कळलं?

त्याआधी अनेक शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की आठवणी सगळ्या मेंदूभर पसरलेल्या असतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी अशी जागा नसते. हेन्रींनी ही समजूत मोडली. जुन्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्या आठवा. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिले जातात, मग मुनीम ते खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. हेन्रींची जुनी खतावणी शाबूत होती, समोर चाललेला व्यवहारही त्यांना कळत होता. चढवणारा मुनीमच उरला नव्हता.

‘समोरचा व्यवहार कळत होता’ याचा अर्थ एका प्रसंगातून नीट दिसतो. मिल्नर यांनी त्यांना ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि एकटं बसवलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी तो बरोबर सांगितला. कसा ठेवलास लक्षात, असं विचारल्यावर म्हणाले, सोपं आहे: फक्त आठ लक्षात ठेवायचे. पाच, आठ आणि चार यांची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले की नऊ उरतात, नवाचे दोन भाग पाच आणि चार, म्हणून ५८४. मिनिटभराने विषय बदलला, आणि आकडाही गेला, युक्तीही गेली. आपल्याला कुठला आकडा दिला होता हेच त्यांना आठवेना. तेव्हा ‘तीस सेकंदांची स्मृती’ ही गोष्ट चुकीची आहे. लक्ष जोवर त्या गोष्टीवर आहे तोवर ती टिकत होती. लक्ष हललं की संपली, मग ते दहा सेकंदांनी असो की पंधरा मिनिटांनी.

दुसरा मोठा शोध आरशाचा. कागदावर दोन रेषांमध्ये काढलेला एक तारा. हात थेट दिसू द्यायचा नाही, फक्त आरशातलं प्रतिबिंब बघत त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, पहिल्यांदा सगळ्यांचाच हात भलतीकडे जातो. हेन्रींनी हे तीन दिवस केलं. चुका दिवसागणिक कमी होत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरू लागला. आपण हे आधी कधी केलंय याचा मात्र त्यांना पत्ताच नव्हता. हाताचं शिकणं आणि प्रसंग आठवणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, हे इथून स्पष्ट होत गेलं. सायकल चालवण्याची सवय आणि सायकल शिकलो त्या दुपारची आठवण, या दोन्ही गोष्टी आपण ‘आठवणे’ या एकाच क्रियापदात घालतो, एवढंच.

मग गोष्ट कुठे घसरली?

पहिली घसरण ‘जुनं सगळं आठवत होतं’ या वाक्यात आहे. सुरुवातीच्या लेखांत असं म्हटलं गेलं की शस्त्रक्रियेच्या आधीची दोनेक वर्षं सोडली तर हेन्रींच्या जुन्या आठवणी ठीक आहेत. पुढे काळजीपूर्वक चाचण्या झाल्या तेव्हा चित्र बदललं. आईवडील कुठले, शाळा कोणती, अशी माहिती त्यांच्याकडे होती. पण ‘त्या दिवशी नेमकं काय झालं, सांग’ म्हटलं की फार थोडं निघे. लहानपणी छोट्या विमानातून मारलेली चक्कर हा त्यांनी बारकाव्यांसह सांगितलेला मोजक्या प्रसंगांपैकी एक. म्हणजे वर दिलेला खतावणीचा दाखलाही इथे अपुरा पडतो. काही आठवणी नोंदवून झाल्यावरही हिप्पोकॅम्पसपासून मोकळ्या होत नाहीत, त्या दर वेळी उघडायलाही तो लागतो, असं मानणारा शास्त्रज्ञांचा मोठा गट आज आहे. यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी घसरण याच्या उलट दिशेची: ‘नवं काहीच शिकले नाहीत’. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी ते आईवडिलांबरोबर ज्या घरात राहायला गेले, त्या घराचा नकाशा त्यांना काढता येत असे. रोज त्याच खोल्यांमधून वावरल्यामुळे तो आत मुरला असावा. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, हे त्यांना माहीत होतं. त्यांना शब्दकोडी फार आवडत. जुन्या ज्ञानाला चिकटणारी नवी माहिती ते थोडी थोडी शिकू शकतात, असं या शब्दकोड्यांतूनच दाखवणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, पुनर्वसन केंद्रात महिनोन्‌महिने पुठ्ठ्यावर सिगारेट लायटर बसवण्याचं काम करूनही आपण काय काम करतो हे त्यांना सांगता येत नव्हतं. भिंतीत एखादी फट राहावी तशी ही नवं शिकण्याची क्षमता होती, आणि लोकप्रिय कथनात ती फट बुजवून टाकली गेली.

तिसरी घसरण मला सर्वांत जास्त खटकते: ‘सदा आनंदी, गोड स्वभावाचा हेन्री’. ते सौजन्याने वागत, चाचण्यांना कंटाळत नसत, आपल्यावरच्या संशोधनाने इतरांना मदत होईल असं म्हणत, हे खरं. पण १९६८ च्या निबंधात त्यांचे जे शब्द नोंदवले आहेत त्यांत वेगळंच काही ऐकू येतं. प्रत्येक दिवस सुटा, एकटा असतो, असं ते म्हणतात. आत्ता या क्षणी मला सगळं स्पष्ट दिसतंय, पण थोड्या वेळापूर्वी काय झालं? माझ्या हातून काही वावगं तर घडलं नाही ना, याची मला काळजी वाटते. काळजी करणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत. शिवाय शस्त्रक्रियेत भीती आणि रागाशी संबंधित अमिग्डाला हा भागही बहुतांश काढला गेला होता. तेव्हा त्यांचा शांतपणा कितपत स्वभावाचा आणि कितपत शस्त्रक्रियेचा, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

चाकू नेमका कुठवर गेला होता?

स्कोव्हिल यांनी आपल्या अंदाजाने लिहिलं की पुढून मागे सुमारे आठ सेंटिमीटर भाग काढला. चाळीसेक वर्षं सगळ्यांनी हाच आकडा धरून लिहिलं, कारण काढलेला भाग नीट मोजता येईल असं आतलं चित्र मिळत नव्हतं. १९९० च्या दशकात एमआरआय झाला आणि प्रत्यक्षात तो भाग पाचेक सेंटिमीटरच असल्याचं दिसलं. हिप्पोकॅम्पसचा मागचा तुकडा शिल्लक होता. त्याच स्कॅनमध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसला. त्यामागे फिट्सवरच्या औषधांचा दीर्घकाळचा मारा असावा असं मानलं जातं.

मृत्यूनंतर मेंदूशास्त्रज्ञ जॅकोपो अनेसे यांनी सॅन डिएगोत हेन्रींचा मेंदू गोठवून त्याचे २,४०१ पातळ काप केले. डिसेंबर २००९ मधलं ते ५३ तासांचं काम लोकांनी इंटरनेटवर थेट पाहिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. हिप्पोकॅम्पसचा बराच भाग खरोखरच उरला होता, पण त्याच्यापर्यंत माहिती पोचवणारा शेजारचा भाग जवळजवळ पूर्ण गेला होता. आणि एक नवी गोष्ट सापडली: मेंदूच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला, खालून एक जुनी इजा होती. ती त्या चपट्या पट्टीने मेंदू उचलताना झाली असण्याची शक्यता आहे.

एवढीशी खूण महत्त्वाची का? कारण हेन्रींचं महत्त्व या गृहीतकावर उभं होतं की इजा एका ठरावीक जागेपुरती आहे, बाकी मेंदू ठीक आहे. पुढच्या भागाचा संबंध निर्णय, पुढाकार, भावना यांच्याशी येतो. तेव्हा त्यांच्या वागण्यातली प्रत्येक गोष्ट हिप्पोकॅम्पसच्या खात्यावर टाकणं धोक्याचं ठरतं.

२०१६ चं भांडण

हेन्रींवर सर्वांत जास्त काळ संशोधन केलं ते सुझॅन कॉर्किन यांनी. मिल्नर यांच्या विद्यार्थिनी, पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक. १९६० च्या दशकापासून हेन्रींच्या मृत्यूपर्यंत आणि नंतरही त्यांनी हे काम सांभाळलं. हेन्रींना भेटायचं असेल तर त्यांच्याकडूनच वाट होती. नाव गुप्त ठेवणं आणि बघ्यांपासून दूर ठेवणं यात संरक्षण होतंच, पण मक्तेदारीही होती.

मे २०१६ मध्ये कॉर्किन वारल्या. त्याच ऑगस्टमध्ये पत्रकार ल्यूक डिट्रिच यांचं पुस्तक आलं आणि त्यातला भाग न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात छापून आला. डिट्रिच हे शस्त्रक्रिया करणाऱ्या स्कोव्हिल यांचे नातू. कॉर्किन लहानपणी स्कोव्हिलांच्या घरासमोर राहायच्या आणि डिट्रिच यांच्या आईच्या बालमैत्रीण होत्या. एका छोट्या वर्तुळातल्या माणसांची ही कहाणी आहे, हे विसरून चालत नाही.

डिट्रिच यांचे मुख्य आरोप असे होते. मूळ नोंदींचे कागद श्रेडरमध्ये घातले, असं कॉर्किन यांनीच मुलाखतीत सांगितलं. पुढच्या भागातल्या इजेचा निष्कर्ष छापला जाऊ नये म्हणून त्यांनी दबाव आणला. आणि संमतीची व्यवस्था कच्ची होती. एमआयटीतले तेव्हाचे विभागप्रमुख जेम्स डिकार्लो यांनी जाहीर उत्तर दिलं: कागद नष्ट झालेले नाहीत असं आम्हाला वाटतं, उलट शेवटच्या दिवसांत कॉर्किन ते नीट लावत होत्या. इजेचा उल्लेख २०१४ च्या निबंधात आहेच, आणि त्या निबंधाच्या लेखकांत कॉर्किन यांचं नाव आहे. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी कॉर्किन यांच्या बाजूने सही केली. डिट्रिच यांनी मुलाखतीचं ध्वनिमुद्रण जाहीर केलं.

मला दोन्ही बाजूंचं काही पटतं. निष्कर्ष दडपल्याचा आरोप टिकणं अवघड आहे, कारण तो छापला गेला. कागदांबद्दल मात्र कॉर्किन यांचे स्वतःचे शब्द ध्वनिमुद्रित आहेत, आणि त्यांचा खुलासा करायला त्या हयात नाहीत. आणि सह्या कितीही असल्या, त्यांनी कपाटात काय आहे ते सिद्ध होत नाही. सगळ्या जगाने ज्याच्यावर विसंबून पुस्तकं लिहिली, त्या रुग्णाच्या मूळ नोंदी बाहेरच्या अभ्यासकांना बघायला मिळायलाच हव्यात.

‘मग पाठ्यपुस्तकं खोटी ठरली का?’

नाही. हिप्पोकॅम्पसबद्दलचा निष्कर्ष एका माणसावर उभा नाही. मिल्नर आणि मॉन्ट्रियलचे न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे असेच दोन रुग्ण आधीच होते. १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी आर. बी. या रुग्णाचा अभ्यास छापला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तपुरवठा कमी पडून त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यातल्या पेशी दोन्ही बाजूंना मेल्या होत्या. चाकू लागलेला नव्हता, आणि नव्या आठवणी तरीही धरत नव्हत्या. माकडांवरच्या प्रयोगांतूनही तेच आलं. एच. एम. यांची प्रत्येक नोंद उद्या संशयास्पद ठरली तरी हा गाभा हलत नाही. हलतील ते त्यांच्या स्वभावाबद्दलचे, सुखाबद्दलचे, ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ या शब्दांत केलेले दावे.

‘पण संमती तर होती ना?’

१९५३ मध्ये आज आपण जिला माहितीपूर्ण संमती म्हणतो, म्हणजे धोके समजावून घेतलेली परवानगी, ती अमेरिकन कायद्यात रुळलेली नव्हती. ते शब्द तिथल्या न्यायालयात १९५७ मध्ये आले, आणि संशोधनावर देखरेख करणाऱ्या समित्यांचा कायदा १९७४ चा. त्यामुळे स्कोव्हिलांना आजच्या मापाने मोजताना थोडं थांबावं लागतं. पण हेन्रींची आई १९८१ मध्ये गेली, आणि नंतर १९९२ पर्यंत त्यांना कायदेशीर पालक नव्हता. या काळात संशोधनाच्या कागदांवर ते स्वतःच सही करत. ज्याला सही केल्याचंच आठवणार नाही, त्याची सही कितपत धरायची? १९९२ मध्ये न्यायालयाने पालक नेमला. ती व्यक्ती जवळच्या नात्यातली नव्हती, आणि जवळची चुलत-मावस भावंडं हयात होती, असं डिट्रिच दाखवून देतात. एमआयटीच्या म्हणण्यानुसार सगळं कायदेशीर होतं. ते खरं असेलही. पण कायदेशीर असणं इथे पुरेसं वाटत नाही.

‘त्यांना आठवणारच नव्हतं, मग त्रास कसला?’

हा प्रश्न मी लोकांना सहज विचारताना ऐकलं आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. १९८५ च्या एका अभ्यासात हेन्रींच्या त्वचेला उष्णता देऊन वेदनेची चाचणी घेतली गेली. इतरांना जे दुखतं, ते त्यांनी दुखतंय असं सांगितलं नाही. त्याच अभ्यासात, जेवण संपल्यावर मिनिटभराने दुसरं ताट समोर ठेवलं तेव्हा त्यांनी तेही बरंचसं खाल्लं. शास्त्राच्या दृष्टीने हे निरीक्षण मोलाचं आहे: भूक, तहान, दुखणं ही आतली खबर त्यांच्यापर्यंत नीट पोचत नव्हती. पण म्हणूनच कोणीतरी त्यांच्या वतीने ‘आता पुरे’ म्हणणारं हवं होतं. वेदना आठवत नाही म्हणून ती त्या क्षणी होत नाही, असं नसतं. भूल उतरत आलेल्या रुग्णाला आपण असं वागवत नाही.

‘आमच्याकडे फिट्सचं ऑपरेशन सुचवलंय, घाबरायचं का?’

अपस्माराचा रुग्ण घरात असला की ही गोष्ट वाचून पोटात गोळा येतो, म्हणून हे सांगायलाच हवं. स्कोव्हिल यांनी स्वतःच १९५७ मध्ये ही दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करू नका असा इशारा दिला. आज फिट नेमकी कुठून उठते हे आधी शोधतात, आणि भाग काढायचा तर एकाच बाजूचा. दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस काम सांभाळू शकेल का, हे स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि एमआरआय करून पाहतात. २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षभराने भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते, आणि नुसत्या औषधांच्या गटात फक्त ८ टक्के. भारतातही अशा शस्त्रक्रिया नियमित होतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तर १९९० च्या दशकापासून यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न मात्र नक्की विचारा: फिटची जागा कोणत्या तपासण्यांनी ठरली, भाग कोणत्या बाजूचा आणि किती काढणार, आधी स्मरणशक्तीची चाचणी झाली का, आणि नंतर ती पुन्हा कधी घेणार.